भाऊसाहेबांचे पंचनामे

आमच्या सावेडीतल्या कॉलनीत राहणारे निवृत्त तलाठी भाऊसाहेब कॅन्सरच्या औषधांचे पंचनामे करीत. पीक बुडालं, भिंत पडली, की तलाठी जागेवर जाऊन कागद करतो. त्यांनी तीच पद्धत औषधांना लावली होती.

औषधांची माहिती टपालाने येई. नव्वदीच्या त्या वर्षांत प्रत्येक कुटुंबात झेरॉक्स काढून पाठवणारा एक मावसभाऊ असे. गव्हांकुराचा रस, पपईची पानं, शेवगावकडच्या कुणा वैदूची काळी पावडर. खाली ठरलेली ओळ: आणखी अकरा जणांना कळवा. भाऊसाहेब कुणालाच कळवत नसत. पिशवीत कार्बन पेपर घालून ते एसटी पकडत आणि कागदावरच्या गावी पोचले की म्हणत, "ऐकीव नगं. बरा झाल्याला मानूस दाखवा."

माणूस सहसा निघत नसे. निघालाच तर तो पुतण्याच्या सासऱ्याचा शेजारी असे, आणि सासऱ्याचं गाव कुणाला ठाऊक नसे. भाऊसाहेब तसं लिहून सह्या घेत. एकाने चहा पाजला आणि सही नाकारली. त्यांनी चहाचीही नोंद केली, बिनदुधाचा अशी.

कॉलनी हसे, पण जपून. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. पुण्यात उपचार चालू असतानाच काकूंनी त्या काळ्या पावडरीचा हट्ट धरला होता. भाऊसाहेब तेव्हाही म्हणाले होते, मानूस दाखवा. कुणी दाखवला नाही, आणि ते पावडर आणायला गेले नाहीत.

आता कशाला फिरता, असं मी एकदा विचारलं.

"न्हाई फिरलो तर कळायचं कसं, माज्या हट्टानं ही गेली का काय ते?"

एका माघात पत्र आलं: पावडरीने बरी झालेली बाई सापडली आहे. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून पंच म्हणून मला नेलं. धुकं अजून शेतांवरून उठलं नव्हतं. बाई खळ्यात तुरी बडवत होती, चांगली ठणठणीत. भाऊसाहेब बांधावर बसले. पेन त्यांनी काढलंच नाही.

कागद आहेत का, असं मीच विचारलं. बाईने ट्रंकेतून तपासणीचा रिपोर्ट आणला. इंग्रजी होता. भाऊसाहेब तो हातात न घेता म्हणाले, वाचा. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हताच. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

बाई हिरमुसली. "म्हंजे मला काय झालंच नव्हतं? आन् मी पंचक्रोशीला सांगत बसले."

"न्हाई झालं तेच बरं, ताई," भाऊसाहेब म्हणाले.

परतीच्या एसटीत ऊन कलत होतं. बाभळी, विहिरी, एखादं छप्पर मागे सरकत होतं, पाण्याखालून दिसावं तसं. आता यांना सुटल्यासारखं वाटत असेल, असा माझा अंदाज होता. भाऊसाहेब म्हणाले,

"पावडरीचं मिटलं. पन गेलो असतो तर येक दिवस आमी दोघं संगं फिरलो असतो. हिनं वाटंसाठी भाकरी बांधून ठिवली हुती. मी म्हनलं, सोड ती."