दहावं नाव

फॉर्म शुक्रवारी शाळेत द्यायचा होता आणि गुरुवारी संध्याकाळीही तो जेवणाच्या टेबलावर कोराच पडला होता. चौकटी दोनच. शाळेची शेवटची दोन वर्षं भौतिकशास्त्राच्या गटात काढायची, की इतिहास-भूगोलाच्या? झानेर्केला दुसऱ्या चौकटीत खूण करायची होती. तिच्या वडिलांना, सेरिकबोलला, पहिल्या.

"इंजिनियरिंगला सरकारी जागा किती आणि इतिहासाला किती, ते बघ आधी," सेरिकबोल म्हणाला. तो गावोगावच्या विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारा माणूस. "वीस वर्षं खांबावर चढतोय मी. ज्यांनी भौतिकशास्त्र घेतलं ते खाली जीपमध्ये बसतात आणि मला म्हणतात, अजून वर चढ."

"मला उत्खननाचं शिकायचंय, पप्पा."

मागच्या उन्हाळ्यात गावाबाहेरची जुनी थडगी खणायला विद्यापीठाची माणसं आली होती. त्यांच्यात बसून झानेर्केने नऊ दिवस एका घोड्याचा जबडा ब्रशने साफ केला होता, आणि तेव्हापासून तिचं मन दुसऱ्या कशात लागत नव्हतं.

"मेलेल्या घोड्याचे दात घासून कुणाचं पोट भरलंय?" सेरिकबोल म्हणाला.

आई कुल्याश कणीक मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "उगाच भांडू नका. भौतिकशास्त्र शिकवतात कोण? कैरोल्ला अगाय. त्यांना विचारा. ते म्हणाले पोरीला झेपेल, तर घेईल. नाही म्हणाले, तर तिचं तिला करू द्या."

सेरिकबोल लगेच कबूल झाला, कारण मुलीला भौतिकशास्त्रात पाचपैकी पाच मिळतात हे त्याला ठाऊक होतं. झानेर्केही लगेच कबूल झाली, कारण ते पाच कुठून येतात हे तिला ठाऊक होतं. ती अख्खं पुस्तक पाठ करायची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. मार्च महिना होता. बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. कैरोल्ला अगाय, म्हणजे कैरोल्ला मास्तर, ओव्हरकोट घालूनच टेबलाशी बसले होते. मास्तरकीला चाळीस वर्षं झालेली, वय त्रेसष्ट, चेहरा सदा उतरलेला.

"अगाय, मला भौतिकशास्त्र येत नाही," झानेर्के म्हणाली.

"कुणाला येतं?"

"तसं नाही, खरंच येत नाही. मी सगळं घोकते. बटण दाबल्यावर दिवा का लागतो, ते मला अजून कळलेलं नाही. पप्पांना तुम्ही एवढंच सांगा, की हिला झेपणार नाही."

अगायांनी चष्मा वर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "चाळीस वर्षांत 'कळलं नाही' असं सांगायला आलेली तू पहिलीच. बाकीचे 'कळलं' म्हणतात आणि घरी जातात."

हे भलतीकडेच चाललंय, असं झानेर्केच्या लक्षात आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या यादीवर गेली. वर 'भौतिकशास्त्र गट' लिहिलेलं, खाली नऊ नावं. दहावी ओळ रिकामी.

"दहा झाली नाहीत, तर गट बंद," अगाय म्हणाले. "मग मीही घरी. आज शेवटचा दिवस."

ते अगदी सपाट आवाजात म्हणाले. चाळीस वर्षं या गारठ्यात शिकवलं आणि शेवटी एका नावासाठी अडलं! तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती नाक पुसू लागली, तर आणखीच आलं.

अगाय गडबडले. "अगं, रडतेस काय? गट बंद होईल म्हणून?"

नाही म्हणायला तेवढाच एक क्षण होता. झानेर्केने मान हलवली, आणि ती नेमकी होकारार्थी हलली.

अगायांनी मोठा उसासा टाकला. पेन उचललं, थोडा वेळ हातात नुसतंच धरलं आणि दहाव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं.

संध्याकाळी त्यांनी सेरिकबोलला फोन केला. "तुमची पोर रडली हो भौतिकशास्त्रासाठी!" सेरिकबोलने ते दुसऱ्या दिवशी खांबावरून जीपमधल्या साहेबांना ओरडून सांगितलं. शहरातल्या काकाने जाडजूड रशियन पुस्तकांची पेटी पाठवली. सोमवारी मुख्याध्यापिका बाई सकाळच्या सभेत म्हणाल्या, "विज्ञानासाठी डोळ्यांत पाणी आणणारी मुलगी आपल्या शाळेत आहे." वर्गातल्या बाकीच्या अठरा जणांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

त्या बघण्याचा अर्थ मधल्या सुट्टीत कळला. वर्गात मुलं एकोणीस. दहा भौतिकशास्त्राला गेली, म्हणजे इतिहासाला उरली नऊ. दहाचा नियम त्या गटालाही होताच. तो गट बंद झाला आणि ते नऊही भौतिकशास्त्रात ढकलले गेले.

"मला वकील व्हायचं होतं," आलिबी तिला म्हणाला. "तुझ्या एका रडण्यात आम्ही नऊ जण बुडालो. आता हसून दाखव, बघू काय होतं ते."

रविवारी झानेर्के निश्चय करून अगायांच्या घरी गेली. आपलं नाव काढलं तर आपणही सुटू आणि इतिहासाचे ते नऊ जणही, असा तिचा हिशेब होता. दार त्यांच्या बायकोने उघडलं; तिला सगळे रौझा अपाय, म्हणजे रौझाबाई, म्हणत. आत भिंतीला लागून खोकी रचलेली होती आणि अपाय त्यांतल्या बशा एकेक करून परत कपाटात लावत होत्या. वसंतातली साफसफाई असेल, असं झानेर्केला वाटलं.

"तूच का ती रडणारी?" अपायांनी चहा ओतत विचारलं.

"हो. पण ते असं झालं, की..."

"बाउरसाक खा," अपाय म्हणाल्या आणि त्यांनी तळलेल्या गोळ्यांचा वाडगा तिच्यासमोर असा आपटला की दोन बाउरसाक खाली पडले.

तेवढ्यात अगाय आतून आले. "बघ रौझा, बघ! रविवारीसुद्धा शंका विचारायला आली!" त्यांनी तिथल्या तिथे वही काढली आणि तिला दीड तास चुंबकत्व शिकवलं. अपाय मागे बशा लावत होत्या. प्रत्येक बशीचा आवाज झानेर्केला ऐकू येत होता.

सप्टेंबरमध्ये गट सुरू झाला. नोव्हेंबरात पहिली मोठी चाचणी झाली. या वेळी गणितं पुस्तकाबाहेरची होती आणि झानेर्केला पाचपैकी दोन पडले. अगायांनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवलं.

"काय झालं? आजारी होतीस?"

मग मात्र तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. फॉर्म, घोड्याचा जबडा, नऊ नावं. "मी भौतिकशास्त्रासाठी नव्हते रडले, अगाय. मला तुमची दया आली होती."

अगाय हळूच खुर्चीवर बसले. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता.

"माझी?" ते म्हणाले. "अगं, मी देवाला म्हणत होतो, दहावं नाव येऊ देऊ नकोस. तिकडे उस्केमेन शहरात लेकीने आमच्यासाठी खोली तयार ठेवली होती. रौझाने भांडी बांधली होती. नऊवरच राहिलं असतं, तर कुणाला न दुखवता सुटलो असतो. मग तू रडलीस. मला वाटलं, पोरीला एवढी ओढ आहे, हिला टाकून कसं जायचं?"

"मग आता जा ना, अगाय," झानेर्के म्हणाली.

"एकोणीस जणांना सोडून? इकडे यायला दुसरा मास्तर तयार नाही. मुख्याध्यापिका बाईंनी वर तीनदा विचारलं."

"मग मी तरी जाते दुसऱ्या गटात."

"कुठल्या? तो तुझ्याच नावाने बंद झाला."

अगायांनी तिची उत्तरपत्रिका उचलली, घडी घातली आणि खणाच्या अगदी तळाशी सारली.

"हे रौझाच्या नजरेस पडायला नको," ते म्हणाले. "ती रोज विचारते, ती पोरगी निदान हुशार तरी आहे ना?"

"पप्पांनाही नको," झानेर्के म्हणाली.

"नको."

त्यांनी फळ्यावरचं पुसलं आणि खडू घेतला. घर्षणाचा धडा काढायला सांगितला. झानेर्केने पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मान वर केली.

"अगाय, तुम्ही का घेतलं होतं हो भौतिकशास्त्र?"

अगायांचा हात फळ्यावर थांबला. ते मागे न वळताच म्हणाले, "वडील म्हणाले होते, दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे."