तीन नंबरची सायकल आणि सयाजीरावांची उंची

"गुन्हेगार मला टरकतात, असं मी स्वतःच्या तोंडाने म्हणणार नाही," सयाजीराव म्हणाले. "ते लोकांनी म्हणायचं. मी एवढंच सांगेन, की मी हेरगिरी सुरू केल्यापासून पिंपरीत एकही खून झालेला नाही."

हे खरं होतं. त्याआधीही झाला नव्हता, पण दत्तोबा शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तो गप्प बसला.

"नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी..." इथे सयाजीराव नेहमीसारखे अडखळले, कारण आपल्या बुद्धीला शोभेल असा प्राणी त्यांना अजून सापडला नव्हता. पोटापाण्यासाठी ते लाकडाच्या वखारीत कारकुनी करायचे. उंचीबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत. ती मुळात सांगण्याजोगी नव्हतीच.

दत्तोबा त्यांचा मदतनीस कसा झाला, हे दत्तोबालाही नीट आठवत नव्हतं. एकदा त्यांच्या कोटाचं माप घेताना तो चुकून "व्हय" म्हणाला होता, एवढंच. तेव्हापासून शिवणयंत्र दुकानात आणि दत्तोबा सयाजीरावांच्या सायकलच्या कॅरिअरवर.

पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. सायकल विकत घेणारे थोडे आणि भाड्याने नेणारेच फार, त्यामुळे नूरमोहम्मदचं दुकान जोरात चालायचं. पोरांची वेगळी छोटी सायकल असते, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. आजोबा चालवायचे त्याच काळ्या धुडावर नातवाने शिकायचं. आधी एका पायडलवर पाय ठेवून लंगडत जायचं, मग मधल्या आडव्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवर आणि गुडघ्याची सालटं पुरेशी निघाली की शेवटी सीटवर. सीटवर बसलेलं पोर त्या दिवशी घरी जेवायला येत नसे, राजासारखं गावभर फिरायचं. ते सुख पुढे मोटारीतसुद्धा कुणाला मिळालं नाही.

नूरमोहम्मदची नऊ वर्षांची गुलशन हाफ पायडलपर्यंत पोचली होती. तिच्या आईने, ताहेराने, तिला अट घातली होती. पुढची शाळा चिंचवडला. दिवाळीच्या आत सीटवर बसून एकटीने सायकल चालवून दाखवलीस तर जूनपासून शाळा, नाहीतर भाकऱ्या थापायच्या. म्हणून बापाने तीन नंबरच्या सायकलची सीट पार खाली ठोकून दिली होती.

आणि नेमकी तीच सायकल गेली.

खंडेनवमीला गावातल्या सगळ्या सायकली तेलपाण्यासाठी नूरमोहम्मदच्या दुकानात यायच्या. तो नंबरांच्या पत्र्याच्या चकत्या उतरवून ठेवायचा, सायकली धुऊनपुसून ओळीने उभ्या करायचा. मग बाया येऊन हळदकुंकू लावायच्या, झेंडूचे हार घालायच्या. भाड्याची कुठली नि मालकाची कुठली, असा भेद कुणी करत नसे. सगळ्या करवल्यांसारख्या नटायच्या आणि सारख्याच दिसायच्या. संध्याकाळी ज्याने त्याने आपापली न्यायची. दसरा पार पडल्यावर नूरमोहम्मद चकत्या परत लावायला बसला, तेव्हा तीन नंबरची चकती त्याच्या हातातच राहिली.

"कुलूप होतं का?" सयाजीरावांनी विचारलं.

"व्हतं की," नूरमोहम्मद म्हणाला.

"मग चोर अट्टल आहे."

त्या काळच्या सायकलच्या कुलपांचा स्वभाव भिडस्त होता. कुठलीही किल्ली घातली तरी त्यांना नाही म्हणवत नसे. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण शेंबडं पोर हेर नव्हतं.

बोलता बोलता नूरमोहम्मदने दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहून डोळा मिचकावला. सयाजीरावांना काही कळलं नाही, पण हेराला कळलं नाही असं कसं चालेल? त्यांनीही मिचकावला.

"तीन नंबरच्या मागच्या टायरला ठिगळ हाय," नूरमोहम्मद म्हणाला. "मातीत उमटतं."

गुलशन दारात उभी होती. "काका, दिवाळीच्या आधी घावंल ना?" तिने विचारलं. दत्तोबाने तिच्या ओढणीची निघालेली शिवण बघितल्यासारखं केलं.

तपास सुरू झाला. आपलं वाहन चोराच्या नजरेस पडू नये, म्हणून सयाजीराव सायकल लांब बाभळीआड ठेवून दुकानापर्यंत पायी येत. ठिगळाची खूण त्यांना लगेच सापडली. तिचा माग काढत ते ओढा ओलांडून, देवळाला वळसा घालून थेट स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी पोचले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दत्तोबा, चोर माझ्या पाळतीवर आहे!"

"पण राव, खूण तर तुमच्या पडवीत..."

"घरात शिरण्याइतका धीट!" सयाजीराव म्हणाले आणि त्या दिवसापासून उशाशी वखारीतला दांडका घेऊन झोपू लागले.

मग चोरीचा माल चाकणच्या बाजारात जातो, असा सिद्धांत निघाला. सयाजीराव पुढे, दत्तोबा मागे, अशी ती वरात निघाली. वाटेत सयाजीराव खुशीत येऊन म्हणाले, "एक गुपित सांगतो. दसऱ्यापासून माझी उंची वाढली आहे. इतकी वर्षं पायडल खाली गेलं की पाय हवेत राहायचा. आता टाच टेकते."

"ह्या वयात?"

"मेंदूला चालना मिळाली की अंग वाढतं."

"मला तर कॅरिअरबी येगळंच टोचतंय," दत्तोबा कण्हला.

"तुझं वजन वाढलंय. मेंदूविना वाढलं की ते असं आडवं वाढतं."

बाजारात सयाजीरावांनी एका कांदेवाल्याला गाठलं आणि सायकलचं वर्णन केलं. काळी, जुनी, सीट खाली ठोकलेली, मागच्या टायरला ठिगळ.

कांदेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. "म्हंजी तुमच्या बुडाखाली हाय तशीच का?"

"हुबेहूब अशीच! कुठे पाहिलीस?"

कांदेवाल्याने कपाळाला हात लावला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दत्तोबाच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी वळवळलं होतं, पण परतीच्या खड्ड्यांनी ते ठेचून टाकलं.

शेवटी संशय ज्योतीरामवर आला. तो बीडकडून कारखान्यात कामाला आलेला, नवखा. त्याच्याविरुद्ध पुरावा असा, की तो कामावर चालत जायचा.

"ज्याने सायकल लपवली आहे, तो मुद्दाम पायीच चालणार," सयाजीराव म्हणाले.

"समदं गाव पायी चालतं, राव."

"म्हणूनच प्रकरण गुंतागुंतीचं आहे."

दिवाळी तोंडावर आली. सयाजीरावांनी सगळ्यांना दुकानासमोर बोलावलं. आता गुपित राखायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ते प्रथमच सायकलवरून ऐटीत थेट दुकानापाशी उतरले. ज्योतीराम घामाघूम झाला होता. ताहेरा दाराशी उभी होती. गुलशनची मुदत संपत आली, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

"या गुन्ह्याचे धागे," सयाजीरावांनी हात पसरले, "चिंचवडच्या स्टेशनापासून चाकणच्या कांद्यांपर्यंत पसरलेले आहेत..."

गुलशनचं लक्ष भाषणाकडे नव्हतं. ती सयाजीरावांच्या सायकलपाशी बसली होती आणि तिने नळीखालून हात घातला होता. हात एके ठिकाणी थांबला.

"अब्बा," ती ओरडली, "ही आपली हाय! हिला खालून टेंगूळ हाय!"

हाफ पायडल मारताना जे सुपारीएवढं टेंगूळ पोरांच्या बरगडीला टोचतं, ते सीटवर बसणाऱ्या माणसाला कुठून दिसणार? जोड देताना राहिलेला लोखंडाचा तो गोळा दुकानदारालाही माहीत नव्हता. गुलशनने झगा वर करून बरगडीवरचा काळानिळा डाग दाखवला. नूरमोहम्मदने मागचं चाक फिरवलं. ठिगळ सगळ्यांना दर्शन देऊन वर गेलं.

मग सयाजीराव गरजले, "म्हणजे चोराने माझी सायकल पळवून ही माझ्या गळ्यात मारली!"

"तुमची तर तितं हाय," नूरमोहम्मदने अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट केलं. "नवमीपासनं. मला वाटलं, तुमी पहाऱ्याला ठेवलीया. मी रोज डोळा मारत व्हतो की."

कोपऱ्यात सयाजीरावांची सायकल उभी होती. अर्धा हार वाळला होता आणि अर्धा शेळीने खाल्ला होता.

ज्योतीराम पहिल्यांदा हसला आणि मग सगळं गाव हसायला लागलं. सयाजीरावांनी कोट झटकला. "लक्षात घ्या," ते म्हणाले, "सबंध तपासात मुद्देमाल एक क्षणही माझ्या नजरेआड झाला नाही."

पण ऐकायला कोण होतं? गुलशनने तीन नंबर रस्त्यावर काढली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, दोन लंगड्या घातल्या आणि नळीवरून पाय टाकून ती सीटवर बसली. सायकल डगमगली. नूरमोहम्मद धावला, तेव्हा ताहेराने त्याचा सदरा मागून धरला. "हात लावू नका. एकटीनं, असं ठरलंय." सायकल सरळ झाली. गुलशन ओढ्यापर्यंत गेली, वळली आणि घंटी वाजवत परत आली, आणि दत्तोबाच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं.

मागे सयाजीराव आपल्या सायकलवर चढले होते. पायडल खाली गेलं आणि पाय हवेत राहिला.

"दत्तोबा! चोराने माझी उंची चोरली! जरा ढकल!"

दत्तोबाला सवड नव्हती. ताहेरा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"दत्तोबा, चिंचवडच्या शाळंत पोरी कसला झगा घालत्यात, ठाव हाय का?"

दत्तोबाने गळ्यातली टेप काढली. "माप जरा ढिलं घेतो, भाभी," तो म्हणाला. "पायडल माराया बरं पडंल."