धोंड्याचे जावई आणि पंपाचं तेल

हैबतरावांना हात मांडीवर ठेवून गप्प बसता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष. अधिक महिन्यात जावयाला नारायण मानायचं, त्याचे पाय धुवायचे, नवे कपडे द्यायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची, अशी रीत. पण नारायणानंही पाटावर बसावं ना! हे नारायण रोह्याहून पेणला आले, सासूनं दिलेला पांढराशुभ्र सफारी अंगात चढवला आणि पुरण शिजेपर्यंत थेट घरापुढच्या वॉशिंग सेंटरमध्ये शिरले. रोह्याच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते. म्हणजे जगातल्या प्रत्येक यंत्राचे ते जावईच.

रामवाडीला हायवेलगत हे सेंटर हैबतरावांच्या सासूच्या, सीताबाईंच्या मुलानं, निलेशनं काढलं होतं. गिऱ्हाईक बेताचंच. त्या दिवशी खांब गावचे काळुरामशेठ जीप धुवायला आणणार होते. काम पसंत पडलं तर त्यांच्या साऱ्या प्रवासी जिपा कायम इथंच येणार. नाही पडलं, तर सेंटरला कुलूप आणि निलेशला मेव्हण्याच्या वशिल्यानं त्याच्याच हाताखाली नोकरी. तशी वेळ येऊ नये म्हणून सीताबाईंनी देवाला नारळ बोलला होता.

निलेश पंपाचं ऑइल बदलत होता. पंप थोडा चालवून तेल कोमट केलेलं, खालचा बोल्ट काढून जुनं काळं तेल घमेल्यात सोडलेलं, बोल्ट पुन्हा आवळलेला. आता तो पंपाच्या पोटावरच्या गोल काचेकडे बघत नवं तेल बारीक धारेनं ओतत होता.

"बास. निम्म्या काचेपर्यंत आलं."

"निम्मं?" हैबतराव हसले. "दुष्काळ पडलाय काय? गळ्यापर्यंत भर."

"नाय दाजी, तेल गरम झालं की फुगतं. त्याला जागा लागते."

"मला शिकवतोस? आमच्या कंपनीत..."

"निलेश!" ओट्यावरून सीताबाई कडाडल्या. "जावयाला आज नाय म्हनू नको. दे तो डबा."

हैबतरावांनी सढळ हातानं पंप काठोकाठ भरला. मग त्यांची नजर टोपणावर गेली.

"ह्याला भोक कसलं?"

"आतली हवा निघायला."

"धूळ शिरायला म्हण!" चिंधीचा बोळा करून त्यांनी भोक बुजवलं आणि टोपण आवळून टाकलं.

निलेशनं आईकडे पाहिलं. आईनं लेकीकडे, नम्रताकडे पाहिलं. नम्रता पुरण घाटत राहिली. आपला नवरा ती ओळखून होती.

तेवढ्यात काळुरामशेठांची जीप आली, धुळीनं लालेलाल. निलेश पुढं होणार, तोच हैबतरावांनी पाण्याची गन उचलली.

"सरक. शेठना मी दाखवतो."

"हे मोठे मेकॅनिक दिसतात," सफारीकडे बघत शेठ म्हणाले. हैबतरावांनी नाही म्हटलं नाही.

पंप सुरू झाला. धार अशी सुटली की चाकावरची माती फुटाफुटानं उडाली. शेठ खूश. मग पंप गुरगुरू लागला.

"दाजी, बंद करतो."

"थांब रे! आता कुठं जोर धरतोय."

जोर त्यानं खरंच धरला. टोपण सुटून पत्र्यावर आपटलं आणि मागोमाग तेलाचं कारंजं. अर्धं सफारीवर, अर्धं जिपेच्या नव्या सीटांवर. पट्टा तेलात घसरून उतरला आणि गनमधून म्हातारीनं चूळ भरावी तेवढं पाणी आलं.

हैबतरावांनी तोंडावरचं तेल निपटलं आणि ओरडले, "निलेश! किती तेल ओतलंस रे?"

निलेश उतरलेला पट्टा उचलायला वाकला. बहिणीच्या संसाराचा प्रश्न. "चुकलं, दाजी."

"असला मालक नि असला मेकॅनिक?" शेठ भडकले. "आमच्या जिपा नदीवरच बऱ्या!"

ते जिपेत बसणार, तोच सीताबाई पदर खोचून ओट्यावरून उतरल्या.

"शेठ, मेकॅनिक नाय हो त्यो. जावय हाय माजा. धोंड्याला आलाय."

शेठचा पाय पायरीवरच थांबला. चेहऱ्यावरचा राग ओसरला.

"मंग आधी नाय सांगायचं, बाय? माजा पन आलाय. काल त्यानं विहिरीवरची मोटार नीट केली. तवाधरून आम्ही पोहऱ्यानं पाणी काढतोय." त्यांनी निलेशच्या पाठीवर हात ठेवला. "पोरा, जिपा धाडतो. पन हे कधी जाणार?"

"जेवले की," सीताबाई म्हणाल्या.

हैबतरावांना हायसं वाटलं. "चला, मिटलं सगळं. आई, पान वाढा."

"जावयबापू," सीताबाईंनी त्यांच्या हातात फडकं दिलं, "तेल सांडलंत त्याचं काय नाय. मागितलं असतंत तर आख्खा डबा मी तुमच्या डोक्यावर ओतला असता. पन माज्या पोरावर ढकललंत, तवाच तुमच्यातला नारायण उठून गेला. आता हितं उभा हाय त्यो निस्ता हैबत. त्यानं आधी शेठची जीप पुसायची. नारायण परत आला, तर त्याला वाढीन मी."