नामदेवची रजा

पलटणीनं दिलेल्या खाटेवर नामदेव कधी झोपलाच नाही. तो खाटेखाली झोपायचा, चादरीला सुरकुती पडू नये म्हणून. सकाळी तपासणीला हवालदार आला की गरजायचा, "नामदेव को देखो!" सगळी बराक बघायची. मी दात खाऊन बघायचो.

लढाई जोरात होती आणि आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला. तो हिवरखेडचा भाजीवाला, सहीच्या जागी अंगठा उठवणारा. तरी कवायतीत पाय चुकायचा माझा!

"तुहा पाय कावून चुकत नाई रे?" मी एकदा विचारलं.

"त्यात काय हाय, गड्या! वांग्याची रोपं लावल्यावानी चालाचं. वळ वाकडी झाली तं बाप झोडपत होता."

बराकीमागं त्यानं मेथी लावली. ती सुभेदारसाहेबांच्या ताटात गेली आणि माझी बढतीची उरलीसुरली आशाही गेली. पहिली फीत त्याच्याच बाहीवर लागली.

लढाईवर नेणाऱ्या बोटीवर चढण्याआधी आठ दिवसांची रजा मिळाली. अकोल्याला उतरून हा हिवरखेडची मोटर धरील आणि माझी सुटका होईल, असं मला वाटलं. तो सरळ माझ्या घरी आला. पहिल्या दिवशी त्यानं विहिरीवरून पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी परसातले वाफे नीट केले. माय खूश!

"पोरगा असावा तं असा," ती मला ऐकवून म्हणाली. रजा माझी, माय माझी, आणि लोणी त्याच्या भाकरीवर!

पाचव्या दिवशी तो वालाचा वेल बांधत असताना मी फुटलोच.

"तुले घरदार नाई का?"

"हाय ना. माय हाय." त्यानं सुतळीची गाठ मारली. "तिले सांगतलं, अमरावतीले एका बगीच्यात कामाले हावो म्हून. आता समोर गेलो तं मले खोटं बोलता येनार नाई. अन् तिनं हात धरला, तं मले सोडवता येनार नाई, गड्या."

दुसऱ्या दिवशी वर्दी काढून, धोतर नेसून मीच हिवरखेडला गेलो. त्याची माय ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं, नामदेवसोबत बगीच्यात असतो, तो मजेत आहे. तिनं माझ्या बारीक कापलेल्या डोक्याकडे पाहिलं.

"हजामत तं पलटनीची हाय," ती म्हणाली. "लढाईवर चालला का तो?"

मी खाली बसून मेथीची एक जुडी बांधायला घेतली. ती उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या घेऊन आली.

"मले समजलं, हे त्याले सांगू नोको. सुखानं जाऊ दे."

परत आलो तेव्हा नामदेव मोटारींच्या अड्ड्यावर उभा होता. मी कुठं गेलो ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दशम्यांचं फडकं ओळखलं.

"काय म्हने?"

"म्हने, मालकाचं ऐकत जा. झाडांले येळेवर पानी देत जा."

तो हसला. मग तिथंच धुळीत उकिडवा बसला आणि एकेक दशमी मोजल्यासारखी हातात घेऊन, न खाता, परत फडक्यात ठेवत राहिला.