हाकीनसाहेबांची दुपारची झोप

ब्रिटिश साम्राज्यावर सूर्य कधी मावळत नाही, हे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. सूर्य मावळत नाही म्हणजे रात्र होत नाही. रात्र होत नाही म्हणजे राज्यकर्त्याला झोप मिळत नाही. आणि झोप न झालेल्या माणसाच्या हातून राज्यकारभार नीट होत नाही. सबब, राज्यकर्त्याने दुपारी झोपणे ही त्याची चैन नसून रयतेवरचा उपकार आहे. ज्यांना एवढी साधी गोष्ट पटत नाही, त्यांनी पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये.

हॉकिन्स नावाचे साहेब एकवीस साली लोणावळ्याला आले आणि वलवणच्या अलीकडे एका टेकाडावर बंगला बांधून राहिले. ते कोणत्या खात्याचे होते हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. पण खाते मोठे असावे, कारण साहेबांना तिथे कधी जावे लागत नसे. हॉकिन्स हे नाव जिभेला जड, म्हणून लोक त्यांना हाकीनसाहेब म्हणत. (पुढे त्यांनी हाकच बंद केली, हा निव्वळ योगायोग.)

टेकाडाच्या पायथ्याशी ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना आमची उंबरटेकवाडी. आमची म्हणायचे कारण, मी तिथे शाळामास्तर होतो. मावळात सपाटी कमी आणि चढउतार फार. समोरच्या उतारावरच्या माणसाशी बोलायचे तर आधी ओढ्यात उतरा, मग वर चढा. तोवर काय सांगायचे होते तेच विसरायला होते. म्हणून लोक जागेवरूनच हाळी देत. कमरेवर हात, मान वर, आणि शेवटचा स्वर पार पलीकडच्या रानापर्यंत ताणायचा. समोरून ‘ओ’ आली की निरोप पोचला. (टपालखात्याला ही सोय अजून साधलेली नाही.)

यात एक बारीक गोष्ट होती. बाया नवऱ्याचे नाव घेत नसत. कोणतीही बाई हाळी देणार ती “आवंऽऽऽ” अशीच. उतारावर दहा नवरे दहा ठिकाणी राबत असत, पण मान वर करायचा तो एकच. नाव आवाजातच असे. बयाबाईची हाळी तर सगळ्यांत लांब जाई. तिचा नवरा गेणू वरच्या रानात गवत कापत असला, तरी तिथून त्याची ‘ओ’ येई, आणि ती आली की बाई उगाचच पदर सारखा करी.

बंगल्यात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हाकीनसाहेब या हाळीने पलंगावर उठून बसले. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, की साहेब झोपेत असताना वाडीने आवाज करू नये. हुकूम तोंडीच होता. काठी नाही, गोळी नाही, तुरुंग नाही. इतके मवाळ राज्य जगाच्या पाठीवर दुसरे नसेल.

आता साहेब नेमके कधी झोपतात, हे टेकाडाखालून कसे कळावे? वाडीचे पाटील हौशीराम यांनी यावर खोल विचार केला आणि ठरवले, की साहेब उठल्याची खात्री होईपर्यंत ते झोपलेलेच आहेत असे समजावे. बंगल्यावर जाऊन खात्री करून घेण्याची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे दुपारची शांतता सकाळीच सुरू होऊ लागली आणि रात्रीलाही पुरून उरली.

साहेबांनी मूठभर मागितले, आम्ही पोतेभर दिले. बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या. कोंबडे खाऊन टाकले. बाया जात्यावरची ओवी ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या. नथूच्या मुलाचे बारसे कानात नाव सांगून उरकले (कानात सांगण्याची चाल मुळातच आहे, आपले पूर्वज दूरदृष्टीचे). शाळेत मुले पाढे मनात म्हणू लागली. मनात म्हटलेला पाढा चुकला तरी ऐकू येत नाही. त्या साली शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि मला वरून शाबासकी आली. एकंदरीत वाडीचा आवाज चौदा आण्यांनी उतरला; उरलेले दोन आणे खोकल्याचे होते. साहेबांनी खूश होऊन पाटलांना आपली जुनी टोपी दिली. ती त्यांच्या डोळ्यांवर येई. पाटील म्हणत, तेवढाच उन्हाचा त्रास कमी.

गैरसोय एवढीच, की कुजबुजीत कोणाचाच आवाज ओळखू येत नाही. शालूबाई बांधाआडून “आवं” म्हणून कुजबुजली की एकतर पाच जण उठत, नाहीतर कोणीच उठत नसे. तिच्या नवऱ्याची भाकरी बरेच दिवस भलताच माणूस खात होता. पण सुधारणेच्या काळात थोडी ओढाताण व्हायचीच.

छत्तीस सालच्या भाद्रपदात एका दुपारी गेणू, नथू, पाटील आणि आणखी चारपाच जण ओढ्यात खेकडे धरत होते. वाडीवर लख्ख ऊन होते. वर डोंगरात मात्र काळे झाले होते. बयाबाई टेकाडावर, बंगल्याच्या कुंपणाशी लाकडे वेचत होती. तिने पाहिले, की वरच्या वळणावरून पाण्याचा लोंढा येतो आहे, गढूळ, झाडेझुडपे घेऊन. आणि तिचे माणूस खाली दगडाखाली हात घालून वाकलेले.

फाटकाशी बंगल्याचे बटलर चाँदभाई बसले होते. बयाबाई धावत त्यांच्यापाशी गेली आणि शिस्तीला धरून कुजबुजली, “चाँदभाई, पानी आलं! मान्सं वड्यात हायेत. हाळी देऊ का?”

“बाई, साहेब झोपलेत.”

“मग सायबाला इचारा की!”

“विचारायचं तर उठवायला पाहिजे. आणि उठवायचं तर त्यांची परवानगी पाहिजे.”

यात चाँदभाईंचे काही चुकले असे मला वाटत नाही. साम्राज्ये अशाच विचारावर उभी असतात.

बयाबाई टेकाडाच्या कडेला आली. आधी ती नियमाप्रमाणे “आवं” म्हणून कुजबुजली. पायाशी बसलेला टोळसुद्धा उडाला नाही. मग तिने कमरेवर हात ठेवला.

“आवंऽऽऽ! वर याऽऽऽ! पानीऽऽऽ!”

इतकी वर्षे कोंडलेला आवाज होता तो. माझ्या शाळेतली मुले रडू लागली. त्यांनी असे काही जन्मात ऐकले नव्हते. गेणूने मान वर केली, “ओऽऽ” दिली आणि नथूच्या दंडाला धरून काठ चढला. मागोमाग बाकीचे चढले. सर्वांत शेवटी पाटील. त्यांची टोपी गेली. माणूस एकही गेले नाही.

संध्याकाळी चावडीवर पंचांची बैठक भरली. पाटील अजून ओले होते.

“बया, लय वंगाळ केलंस,” ते कुजबुजले. “सायेब उठलं असतं म्हंजी?”

“तुमी बुडाला असता, आबा.”

“ते येगळं.”

साहेबांची झोप किती मोडली याची चौकशी करण्यासाठी चाँदभाईंना बोलावून घेतले. चाँदभाई म्हणाले, “साहेब उठले नाहीत. साहेब गेल्या वर्षीच विलायतेला गेले, कायमचे.”



“मंग बंगल्यात झोपलंय कोन?” नथूने विचारले.

“ते मला नका विचारू. हुकूम कुठं रद्द झालाय?”

सर्वांना हायसे वाटले. पाटलांनी मुद्दा अधिक स्पष्ट केला. साहेब इथे होते तेव्हा ते कधीतरी उठण्याची शक्यता होती. आता ती उरली नाही. म्हणजे आपली जबाबदारी वाढली. सर्वानुमते ठरले, की यापुढे बयाबाईच्या हाळीला वाडीत कोणीही ओ देऊ नये, नवऱ्यानेही नाही. गेणूने मान खाली घातली आणि ती हलवली. ती होकारार्थी हलली असे आम्ही धरले.

बाई घरात नवऱ्याशी बोलत असे, भाकरी वाढत असे. पण सांजेला कडेला जाऊन एकदा हाळी द्यायचे तिने सोडले नाही. समोरच्या उतारावर गेणू विळा थांबवून उभा राही. मी शाळेच्या दारातून ते पाहत असे. मला वाईट वाटे, हे कबूल करतो. पण वाईट वाटण्याला हुकुमाची आडकाठी नव्हतीच. ते आवाज न करता वाटते.

पुढे सत्तेचाळीस साल आले. बंगला आपल्याच एका अधिकाऱ्याला मिळाला; ते पुण्याचे, आपल्याच भाषेत बोलणारे. पहिल्या दिवशी झेंडा चढला आणि सबंध वाडीने “जय” अशी कुजबुज केली. साहेब (त्यांना दुसरे काय म्हणावे ते आम्हाला सुचले नाही) प्रसन्न झाले. इतकी शिस्तीची रयत त्यांनी कुठे पाहिली नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनी विचारले, “दुपारी इथे आवाज फार होतो का हो?”

“न्हाई जी,” पाटील म्हणाले. साहेब आत गेले आणि त्याच पलंगावर आडवे झाले.

आम्ही चवड्यांवर परत निघालो होतो, तेवढ्यात कडेवरून आवाज आला. आता तो चिरका झाला होता, पण पलीकडच्या रानापर्यंत गेला.

“आवंऽऽऽ! आपलं राज आलंऽऽऽ! आता तरी ओ द्याऽऽऽ!”

सबंध वाडीने एकदम “श्श्!” केले. एवढा मोठा आवाज वाडीने कित्येक वर्षांत केला नव्हता. बंगल्याची खिडकी उघडली. “कोण आहे रे ते?” साहेबांनी विचारले. आम्ही सर्वांनी बयाबाईकडे बोट केले. मी शिक्षक असल्यामुळे माझे बोट सर्वांत सरळ होते.

समोरच्या उतारावर गेणूने तोंड उघडले. मग त्याने खिडकीकडे पाहिले, पाटलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि मिटले. बयाबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती.

वाचकहो, तुम्ही सुज्ञ आहात. गेणूच्या जागी आपण असतो तर ओ दिली असती, असे तुम्ही आत्ता मनातल्या मनात म्हणालात. मनातल्या मनात कशाला? हाळी तुम्हीही ऐकलीत. द्या की ओ, चांगली मोठ्याने.

आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहून घेतलेत, हे फार चांगले केलेत.