बॅलनची रजा

तासगावच्या बापू खरमाट्यांच्या खांबावरचा बॅलन बुधवारी खाली उतरला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, मला रजा पाहिजे."

बापूंच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, भाकरी थापता थापता परात सरकवून त्याला जागा दिली. बॅलन म्हणजे आत कड्यावर तार गुंडाळलेला डबा. अँटेनाच्या दोन तारांमध्ये बसायचं आणि खालून आलेला करंट दोघींना सारखा वाटायचा, ही त्याची नोकरी.

"उजवीखाली मोकळं रान," तो म्हणाला. "डावीखाली द्राक्षाच्या मांडवाचं सगळं लोखंड. तरी वाटणी सारखीच पाहिजे. मधला फरक कुणी सोसायचा? बघा हात लावून."

वहिनींनी हात लावला. तवा बरा होता.

"अरे, पण कुरियन सर?" बापूंचा चेहरा उतरला. बापू आपल्या हॅम रेडिओवरून देशभर गप्पा छाटायचे, घरात मात्र नुसतं 'हं'. कोट्टयमचे कुरियन सर अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी त्यांच्याशी बोलणारे एकटे बापूच.

"आज माझ्याशिवाय बोला," बॅलन म्हणाला.

बापू बसले. वाटायला कुणी नाही म्हटल्यावर करंट केबलच्या अंगावरून घरात परतला. माइक बापूंच्या ओठाला चावला. कोट्टयमला गेलं ते फक्त सासूबाईंचं "आमटीत मीठ नाही!"

"बापूजी? किधर गया?" कुरियन सर विचारत राहिले. आवाज बारीक होत गेला.

वहिनींना ते ऐकवेना. "मी चढते."

"तुला गं काय जमतंय त्यातलं?" सासूबाई म्हणाल्या.

"एकीकडं तुमचा लेक, एकीकडं तुम्ही. लग्न झाल्यापासून मधे कोण बसलंय, आत्याबाई?"

"अनुभव ग्राह्य आहे," बॅलन म्हणाला.

वहिनींनी पदर खोचला, खांबावर चढून दोन्ही तारा हातांत धरल्या. अंग जरा तापलं, सवयीचंच. कुरियन सरांचा आवाज त्यांच्या हातांतून खाली गेला, "बापूजी, आज तो बगलवाले कमरे में बैठे हो!"

रजा संपली. वहिनी उतरल्या नाहीत. वर मिठाचं कुणी काढत नव्हतं. बॅलन ओट्यावर बसून मायलेकांना आमटी सारखी वाढू लागला, आणि दोन दिवसांत लाल झाला.

"वहिनी," तो अंगणातून ओरडला, "मांडव परवडला!"

"अर्ज दे," वहिनी वरून म्हणाल्या. "आत्ता कुरियन सर हसतायत."