कालवं आणि रंगाचा डबा

सुरी मोडली तेव्हा बतिस्तने आधी सुरीला शिव्या घातल्या, मग कालवाला, आणि शेवटी पॅरिसहून येऊन खाडीत नौका मिरवणाऱ्या हौशी मंडळींना. कालवाचं कवच विटेएवढं जाड, आत बुळबुळीत लगदा आणि मांस नखभर. तीन उन्हाळे झाले, चुना लावून पाण्यात ठेवलेल्या कौलांवर एकही नवं पिल्लू धरलं नव्हतं. यंदाही नाही धरलं, तर आजोबांपासून चालत आलेली कालवांची शेती बंद.

"आज सभेत त्या नौकावाल्यांची सालटीच काढतो!"

"काढा. पण शर्ट बदलून जा," बायको ओडेत म्हणाली.

सभेला आर्काशाँच्या खाडीतले झाडून सगळे कालववाले आले होते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, दोष नौकांच्या रंगात आहे. त्यात कथलाच्या अणूला कार्बनच्या तीन शेपट्या जोडलेल्या असतात. हे विष हळूहळू पाण्यात झिरपतं, म्हणून नौकेच्या बुडाला शेवाळ, शिंपले काही चिकटत नाही.

"मग आमच्या कालवांनी काय घोडं मारलंय?" बतिस्त कडाडला.

"कालवाचं पिल्लूही कुठंतरी चिकटायलाच निघालेलं असतं ना, दादा. विषाला फरक कळत नाही. कवचं जाड होतात, तीही त्यानंच."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" बतिस्तने टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात बाईंनी फिरवायला दिलेला रंगाचा डबा त्याच्या हाती आला. डबा ओळखीचा होता. असल्याच रिकाम्या डब्यात ओडेतने घरी जिरेनियम लावलं होतं. चार वर्षं तो होडीला हाच रंग देत होता, आणि ओहोटीला ती होडी नेमाने आपल्याच कालवांच्या शेजारी टेकवत होता.

गप्प बसता आलं असतं. पण आजोबांची शेती आपल्याच हाताने मारली, हे त्याला गिळवेना. त्याला रडूच आलं. तो कसाबसा उभा राहिला.

"मीपण लावलाय. दरसाल दोन डबे."

आता आपल्याला उचलून खाडीत फेकतात, असं बतिस्तला वाटलं.

अध्यक्ष रेमोंकाका खाकरले. "कुठून घेतलेस रे?"

"धक्क्यावरच्या दुकानातून."

"तरीच! मला तिथं चारच मिळाले."

बाईंनी वही उघडली. "आणखी कोणी?"

खुर्च्या करकरल्या. अख्खी सभा उभी राहिली होती.